कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयातल्या पहारेकरी मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. गेल्या आठवड्यात काठी टेकत आलेले म्हातारे आणि सोबत त्यांची मुलगी, आठवतात का? ते माझे आप्पा. चाळीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. काचबिंदूनं आता नजर बरीच गेलीय. अजून थोडं दिसतंय तोवर कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान यांची चित्रं एकदा बघायची, एवढाच त्यांचा हट्ट होता.

आधी दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या संग्रहालयात आम्ही गेलो होतो. आप्पा एका चित्रापुढे जरा वाकले, तर "ओ, मागे व्हा!" म्हणून सगळ्यांदेखत ओरडले त्यांच्यावर. बसायला काही मिळेल का विचारलं, तर मान वर करूनही कुणी बघितलं नाही. परतीच्या वाटेवर आप्पा एक शब्द बोलले नाहीत.

म्हणून तुमच्याकडे आप्पा काचेजवळ वाकले आणि तुम्ही उठलात, तेव्हा मी घाबरून त्यांचा दंड धरला. तुम्ही स्वतःचं स्टूल उचलून आणलंत. "बसा की निवांत. काय गडबड न्हाई."

पण मामा, माझ्या मनात घर करून राहिलंय ते त्याच्या पुढचं. काचेवर खिडकीचा उजेड चमकत होता. आम्ही काही बोललो नव्हतो, तुमच्याच ते ध्यानात आलं. तुम्ही खिडकीचं दार लोटलंत, परत आलात, आप्पांच्या डोक्याशी डोकं लावून वाकून बघितलंत आणि पुन्हा जाऊन दार आणखी चार बोटं ओढलंत.

"पाणी दिसलं," आप्पा म्हणाले.

1888 साली व्हाइसरॉयचं पदक मिळवलेला हा माणूस कोल्हापुरातच परतला आणि इथल्या तळ्यांचं, रंकाळ्याचं, कोटितीर्थाचं पाणी रंगवत राहिला. 1922 मध्ये शाहू महाराज गेले, त्या दुःखात त्यांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थात सोडून दिली असं सांगतात. उरली त्यातली काही तुमच्या राखणीत आहेत. ती राखायची म्हणजे माणसांना दूर ठेवायचं, असं तुम्हाला वाटलं नाही. असं वागायला कुणी शिकवत नाही, ते माणसात असावं लागतं.

रिक्षात आप्पा घरापर्यंत बोलत होते. आबालाल पाण्यात हिरवा कसा मिसळतात, ते हातवारे करून सांगत होते.

पुढच्या महिन्यात पुन्हा यायचं म्हणतायत. तेव्हा नाव नक्की विचारीन.

तुमची,
आप्पांची मुलगी