सोनोग्राफीची पहिली तारीख बदलू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गरोदर बाईची फाईल उघडली की हल्ली सोनोग्राफीचे तीन-चार रिपोर्ट निघतात आणि प्रत्येकावर बाळंतपणाची तारीख निराळी. सासू पहिली खरी मानते, नवरा शेवटची, आणि ती पोरगी कुठल्या तारखेला माहेरी जायचं याच घोरात. पाथर्डी तालुक्यात उपकेंद्रावर आरोग्यसेविका म्हणून माझी सगळी नोकरी झाली, आता निवृत्त आहे. या गोंधळाबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

मला एकच सांगायचं आहे. चौदा आठवड्यांच्या आत झालेल्या सोनोग्राफीवरून जी तारीख पक्की झाली, ती शेवटपर्यंत धरायची. सातव्या-आठव्या महिन्याच्या रिपोर्टवरून ती पुढेमागे करायची नाही.

तारखेचा मूळ हिशेब शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवसांचा. पण तो दर अठ्ठावीस दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईला लागू पडतो. आमच्याकडे कुणाची पाळी दीड महिन्याने येते, कुणाला अंगावर पाजत असताना पाळी न येताच दिवस राहतात. तारीख विचारली की बाई गप्प बसते. मग मी सणावरून विचारायची. नागपंचमीला वारुळाला गेली होतीस का? गौरी जेवल्या त्या दिवशी तू बाजूला होतीस का? सणाच्या दिवशी बाजूला बसावं लागलं की नाही, हे कुठलीच बाई विसरत नाही. त्यावरून कॅलेंडर मागे चाळत जायचं. तरी आठवडा-दीड आठवड्याचा फरक राहतोच, आणि तिथे लवकरची सोनोग्राफी कामाला येते.

त्या वेळी गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजतात. दहाव्या आठवड्याला ती साधारण तीन सेंटिमीटर असते, बाराव्याला साडेपाचच्या आसपास, म्हणजे रोज मिलिमीटरभराहून जास्त वाढ. 1973 साली ग्लासगोच्या ह्यू रॉबिन्सन या डॉक्टरांनी हे माप घेण्याची पद्धत मांडली आणि आजही जगभर तेच वापरतात. यातली चूक पाच ते सात दिवसांच्या आत राहते, कारण या काळात सगळे गर्भ जवळपास एकाच वेगाने वाढतात. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर मात्र चूक तीन आठवड्यांपर्यंत जाऊ शकते. तेव्हा डोक्याचा घेर, पोटाचा घेर, मांडीचं हाड मोजतात आणि मशीन सांगते की एवढं बाळ सरासरीने इतक्या आठवड्यांचं असतं. ते बाळाचं आकारमान झालं, वय नव्हे. बाजरी उगवते तेव्हा सगळ्या रानात सारखीच बोटभर असते; कणीस धरायच्या वेळी पाण्याखालची खांद्याला लागते आणि खडकाळ तुकड्यातली गुडघ्याच्या वर जात नाही. तेव्हा उंचीवरून पेरणीची तारीख कोण काढतं?

आमच्या तालुक्यातून दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला जातात. अशीच एक पोरगी, पहिलटकरीण. वटपौर्णिमेला वडाला फेऱ्या मारल्या आणि पुढच्या आठवड्यात शेवटची पाळी आली, हे तिने मला नेमकं सांगितलेलं. गणपतीच्या सुमारास अकराव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली, दोन दिवसांच्या फरकाने पाळीच्या हिशेबाशी जुळली. तारीख निघाली एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली. पुढे ती कारखान्यावर गेली. फेब्रुवारीत पायाला सूज आली म्हणून तिकडे एका खाजगी दवाखान्यात दाखवलं. त्या रिपोर्टवर बाळ तीस आठवड्यांचं आणि तारीख एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली. पहिला रिपोर्ट कोणी मागितला नाही, तोही गावाकडच्या पेटीत होता. घरच्यांना सांगितलं, तारीख पुढे गेली, सगळं ठीक आहे.

सगळं ठीक नव्हतं. त्या दिवशी तिचे तेहतीस आठवडे पूर्ण झालेले होते. बाळ वयाने तीन आठवडे लहान नव्हतं, वाढीत तीन आठवडे मागे पडलं होतं, आणि कारण तिचं वाढलेलं बीपी. मार्चच्या सुरुवातीला ती गावी आली तेव्हा मी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले आणि त्याच दिवशी तिला जिल्हा रुग्णालयात पाठवलं. सदतिसाव्या आठवड्यात बाळंत झाली, बाळ एक किलो नऊशे ग्रॅमचं. नवजात कक्षात राहून ते वाचलं. पण एप्रिलअखेरची तारीख धरून बसले असते तर? हा विचार आजही मला अस्वस्थ करतो. तारीख पुढे ढकलली की बाळ मागे पडल्याची खूणच कागदावरून नाहीशी होते.

‘आपल्याकडची बाळं बारीकच असतात’ असं यावर ऐकवलं जातं. ते मला मान्य नाही. इंटरग्रोथ-21 या आंतरराष्ट्रीय अभ्यासात जगातल्या आठ ठिकाणच्या गरोदर बायका होत्या आणि त्यातलं एक ठिकाण आपलं नागपूर होतं. आई निरोगी असेल आणि खाऊनपिऊन नीट असेल तर पोटातली वाढ सगळीकडे बरीचशी सारखीच होते, असं त्यात दिसलं.

उलटही होतं. आईला साखर असली की बाळ अंगाने मोठं दिसतं आणि शेवटच्या रिपोर्टवरची तारीख अलीकडे येते. मग ‘तारीख उलटली, पाणी आटेल, सिझर करून टाका’ म्हणून नातेवाईकच डॉक्टरांच्या मागे लागतात. खऱ्या हिशेबाने तेव्हा अजून सदतीस आठवडेही झालेले नसतात आणि बाळाला श्वासाचा त्रास होतो. शिवाय वेळेआधी बाळंत होण्याची भीती असली तर फुप्फुसांसाठी जी इंजेक्शनं देतात, ती 34 आठवड्यांच्या आतली. ते आठवडे कोणत्या तारखेवरून मोजणार?

बरोबर दिलेल्या तारखेला बाळंत होणाऱ्या बायका विसात एखादीच. तारीख उलटली म्हणून त्याच दिवशी घाबरू नये. पण पक्की तारीख उलटून आठवडा होत आला तर घरी बसू नये, आणि बाळाची हालचाल कमी वाटली तर तारीख न बघता दवाखाना गाठावा.

जागतिक आरोग्य संघटनेने 2016 साली चोवीस आठवड्यांच्या आत एक सोनोग्राफी करावी असं सांगितलं. आमच्याकडे बाई पहिल्यांदा मशीनखाली जाते ती बहुतेक पाचव्या महिन्यात. तेव्हाही तारीख ठरवता येते, फरक दहा दिवसांच्या आसपास राहतो. पण पाळी चुकल्यावर तिसऱ्या महिन्याच्या आत ही तपासणी झाली तर पुढचे वाद उरत नाहीत. दर महिन्याच्या 9 तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर तपासतात, त्या दिवशी तिसरा महिना चालू असलेल्या बायकांना सोनोग्राफीसाठी आधी पाठवावं.

सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना हात जोडून विनंती. गर्भलिंग निदानबंदी कायद्यासाठी लागणारा एफ फॉर्म आपण इतक्या काटेकोरपणे भरता, तसाच पहिला रिपोर्टही मागून घ्या. नंतरच्या तपासणीत मशीनने काढलेली नवी तारीख रिपोर्टवर ठळक छापू नका. ‘तारीख पहिल्या सोनोग्राफीप्रमाणे’ एवढं लिहा आणि बाळ त्या हिशेबाने मागे आहे की पुढे, ते सांगा. बाईला वाचता येत नसलं तरी पुढचा डॉक्टर ते वाचेल.

आणि जिल्हा आरोग्य विभागाने माता-बाल संरक्षण कार्डाच्या पहिल्या पानावर पक्क्या तारखेचा शिक्का सुरू करावा. टोळ्या गाव सोडण्याआधी आशाताईंनी प्रत्येक गरोदर बाईचं कार्ड बघावं, शिक्का आहे का तपासावं, पहिल्या रिपोर्टची झेरॉक्स कार्डात घालून द्यावी आणि नवऱ्याच्या मोबाईलमध्ये त्याचा फोटोही काढून ठेवावा. यंदाच्या दसऱ्याआधी हे झालं तर याच हंगामात उपयोग होईल.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
ता. पाथर्डी, जि. अहिल्यानगर