रसवंतीवाल्या मावशींना, बाबांच्या पंच्याहत्तरीच्या सरबताबद्दल

मावशी,

साष्टांग नमस्कार.

तुमची मोठी गाळणी आणि मलमलचा तुकडा अजून माझ्या ओट्यावर आहे. परत द्यायला दोनदा निमाणी बसस्टँडपर्यंत आले, पण दोन्ही वेळा तुमच्यापुढे दहा-बारा गिऱ्हाइकं उभी होती. चरकाचे घुंगरू वाजत होते, तुम्ही एका हाताने ऊस सारत होतात आणि दुसऱ्या हाताने सुटे पैसे देत होतात. मला जे सांगायचंय ते तेवढ्या वेळात सांगून झालं नसतं. म्हणून लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. नाव घालू नको म्हणालात, ते पाळलंय.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी स्टीलच्या डब्यात गढूळ तपकिरी पाणी घेऊन आले होते, आठवतं? बाबांच्या पंच्याहत्तरीला ४५ माणसं येणार, त्यांना फळांचं थराथरांचं रंगीत सरबत द्यायचंय आणि झालंय हे असं, एवढंच मी सांगितलं. तुम्ही बोट बुडवून चाखलंत आणि म्हणालात, "डाळिंब मिक्सरला लावलंस. बिया भरडल्या की तुरट होणारच." मग गिऱ्हाईक थांबवून मला बाकड्यावर बसवलंत.

"साखर म्हणजे वजन गं," तुम्ही म्हणालात. "ज्यात जास्त ते तळाला बसतं, ज्यात कमी ते वर तरंगतं. तू उलटं ओतलंस म्हणून चिखल झाला." मी तीन दिवस व्हिडिओ बघत होते, चमचा कसा धरायचा तेच पाहत बसले होते. वजनाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तुम्ही सांगितलंत तसंच केलं. सटाण्याकडची भगवा डाळिंबं पाच किलो आणली. दाणे मलमलमध्ये बांधून हाताने पिळले, एकही बी चिरडू दिली नाही. त्यातल्या थोड्या रसात साखर विरघळवून पाक केला, गार झाल्यावर उरलेल्या रसात मिसळला. तो झाला तळाचा थर. त्यावर बर्फ, बर्फावर सावकाश संत्र्याचा रस. मृग बहाराची नागपुरी संत्री तेव्हा बाजारात होतीच. आणि सगळ्यात वर गोकर्णाचं पाणी, साखरेचा कणही न घालता.

गोकर्ण तुमचीच कल्पना. आमच्या सोसायटीच्या कुंपणावर वर्षानुवर्षं तो वेल आहे, पण त्याची फुलं देवाला वाहण्यापलीकडे आम्ही कधी काही केलं नव्हतं. पन्नासेक निळी फुलं, हिरवे देठ काढून, दोन लिटर उकळत्या पाण्यात टाकली. पाचच मिनिटांत शाईसारखा निळा रंग उतरला. त्यात आंबट पडलं की तो जांभळा होतो आणि आणखी आंबट पडलं की गुलाबी, हे तुम्ही लिंबाची फोड पिळून तिथेच दाखवलंत. ग्लासात निळं पाणी संत्र्याच्या रसाला टेकतं तिथे आपोआप एक जांभळी रेघ उमटते. ती रेघ मला अजून डोळे मिटले तरी दिसते.

बर्फ वितळला की सगळं पांचट होतं, ही माझी दुसरी तक्रार होती. त्यावर तुम्ही हसून म्हणालात, नाशिकमध्ये राहतेस आणि बर्फाला रडतेस? द्राक्षं गोठव. मग हिरवी थॉमसन आणि काळी शरद, दोन्ही धुऊन, कोरडी करून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली. थर लावण्यापुरता थोडा बर्फ वापरला, बाकी सगळी द्राक्षं. मुलांनी सरबत संपवून ग्लासातली द्राक्षं चमच्याने काढून खाल्ली.

पण खरं ऋण वेगळंच आहे. तुम्ही उठता उठता म्हणालात, "आणि हे बघ, रस आदल्या रात्री काढून ठेवू नकोस. गोड रस उष्म्यात पडून राहिला की आंबतो. आमचा उसाचा तर काही तासांत जातो. सकाळी काढ, लगेच गार कर, त्याच दिवशी संपव." तुम्ही चवीसाठी सांगत होतात. माझ्या पोटात मात्र गोळा आला, कारण आंबणं म्हणजे काय हे आमच्या घराला फार चांगलं ठाऊक आहे.

हे पुढचं दादाला विचारूनच लिहितेय. लिही म्हणाला, मावशींना कळू दे.

माझ्या दादाने दारू सोडून त्या दिवशी चौदा महिने झाले होते. घरात कार्य म्हटलं की त्याच्या पोटात भीती उभी राहते. आपलं गाव द्राक्षांचं. १९९९ साली सुला वाईनरी सुरू झाली, मग एकामागून एक झाल्या, आणि आता मुंबई-पुण्याचे पाहुणे गाडीतून उतरताच "वाईन कुठली आणलीये?" असं प्रेमानेच विचारतात. नाही म्हणणाऱ्याच्या हातात पाण्याचा ग्लास दिसतो आणि मग प्रश्न सुरू होतात. गेल्या वर्षी एका लग्नात दादा अर्ध्या तासात घरी निघून आला होता. त्याच्या हातात कोकम सरबत होतं आणि तिघांनी त्याला "औषध चालू आहे का?" म्हणून विचारलं होतं.

तेव्हा मी ठरवलं की बाबांच्या पंच्याहत्तरीला सगळ्यांच्या हातात एकच पेय असेल. इतकं देखणं, की दुसरं काही मागायची कुणाला आठवणच होणार नाही. आधी मी बिनअल्कोहोलच्या म्हणून विकतात त्या बाटल्या बघितल्या होत्या. काहींच्या मागे बारीक अक्षरात ०.५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असू शकतं असं लिहिलेलं होतं. वहिनी म्हणाली, टक्का राहू दे बाजूला, तो वास आणि तो फेसच नको. तिचं बरोबर होतं. म्हणून ताजी फळं, आणि म्हणून तुमच्याकडे आले. रस आंबतो हे तुम्ही सांगितलं नसतं तर मी सोयीसाठी शनिवारी दुपारीच सगळं काढून ठेवलं असतं. आमच्या फ्रीजमध्ये एवढी भांडी मावतच नाहीत, अर्धी बाहेरच राहिली असती. मग रविवारी पहाटे साडेचारला आई, वहिनी आणि मी डाळिंबं सोलायला बसलो. बोटं दोन दिवस काळी होती.

आता गच्चीवरचं सांगते. निळा थर ओतायला स्थिर हात लागतो. चमचा उपडा करून त्याच्या पाठीवरून धार सोडायची, धार जरा जोरात पडली की तिन्ही रंग एक. माझे पहिले दोन ग्लास बिघडले. तेव्हा दादा टेबलाशी आला, माझ्या हातातून चमचा घेतला आणि म्हणाला, "दे इकडे." चौदा महिन्यांपूर्वी या हाताला चहाचा कप बशीवर ठेवता येत नव्हता, मावशी. त्या संध्याकाळी त्याने एकामागून एक त्रेचाळीस ग्लास लावले. लाल, केशरी, जांभळी रेघ, निळा. बाबा खुर्चीत बसून फक्त त्याच्या हाताकडे बघत होते.

पाहुणे त्याच्याभोवती गोळा झाले, पण प्रश्न सगळे ग्लासाबद्दलचे होते. हे निळं काय आहे, हे मिसळत कसं नाही. मग दादाने तुमचंच वाक्य सांगितलं, साखर म्हणजे वजन.

आत्याला मधुमेह आहे. तिच्यासाठी तुम्ही सांगितल्याप्रमाणे नुसतं गोकर्णाचं पाणी, भिजवलेला सब्जा आणि बाजूला लिंबाची फोड ठेवली. तिने लिंबू पिळून रंग बदलताना पाहिला आणि लहान मुलीसारखी ओरडली. मग सगळ्या पोरांना तिचाच ग्लास हवा झाला. फोडी कमी पडल्या म्हणून धाकट्याला खाली दुकानात पिटाळावं लागलं.

मावशी, तुम्ही माझ्याकडून एक पैसा घेतला नाहीत. अर्धा तास गिऱ्हाईक सोडून माझ्याशी बोलत बसलात, गाळणी दिलीत, आणि कशासाठी एवढी धडपड चाललीये हे एकदाही विचारलं नाहीत. मनापासून आभार. आईने, वहिनीने आणि बाबांनीही सांगितलेत.

गाळणी घासून, मलमल उन्हात वाळवून ठेवलंय. या रविवारी सकाळी, गर्दी व्हायच्या आत, दादा स्वतः घेऊन येतोय. उंच आहे, चष्मा आहे, ओळखाल. त्याच्या रसात आलं जरा जास्त घाला, त्याला आवडतं.

तुमची,
पंचवटीतली तपकिरी डब्यावाली