परजीवी, संप्रेरके आणि मांजराची बदनामी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतला परजीवींवरचा लेख वाचला. विषय छान निवडलात. पण 'मांजराचा जंतू माणसाचा मेंदू चालवतो' असा सूर लावण्याच्या नादात परजीवी प्राण्यांच्या संप्रेरकांशी कसे खेळतात, हा खरा थक्क करणारा भाग दोन ओळींत उरकला गेला, म्हणून हे पत्र.

सॅक्युलिना घ्या. समुद्रातल्या खडकांना चिकटून राहणाऱ्या बार्नॅकल या कवचधारी जीवाचा हा भाऊबंद खेकड्याच्या अंगात शिरतो, मुळांसारखे तंतू शरीरभर पसरवतो आणि मादी जिथे अंडी सांभाळते नेमकी तीच जागा गाठून, पोटाखाली आपली पिशवी बाहेर काढतो. खेकडा नर असला तरी त्याचे काही अडत नाही. नराची संप्रेरके बनवणारी ग्रंथी खुरटते, पोटाचा निमुळता पडदा मादीसारखा रुंद होतो आणि हा बाप्या परक्याची पिशवी घासूनपुसून स्वच्छ ठेवू लागतो! आतल्या अळ्या बाहेर पडायच्या वेळी पाणी ढवळून त्यांना वाटेलाही लावतो. स्वतःची प्रजा मात्र त्याच्या नशिबी नाही. परजीवीने त्याला नवे काहीच शिकवलेले नसते. खेकडीचे आयते वात्सल्य तेवढे आपल्या पदरात पाडून घेतलेले असते.

टीनिया क्रॅसिसेप्स या फीतकृमीच्या अळ्या उंदराच्या पोटात दीर्घकाळ राहिल्या, तर नराचे टेस्टोस्टेरॉन हे नर-संप्रेरक कोसळते आणि इस्ट्रॅडिओल हे मादी-संप्रेरक सुमारे 200 पट वाढते. नराला मादीत रस उरत नाही. अळ्यांना मात्र इस्ट्रॅडिओल मानवते, त्या झपाट्याने वाढतात. सुरवंटांच्या एका विषाणूचे तर एकच जनुक कात टाकण्याचे संप्रेरक निष्प्रभ करते. त्यामुळे सुरवंट झाडाच्या शेंड्यावर जाऊन मरतो आणि खालच्या पानांवर विषाणू ठिबकत राहतो.

आता टॉक्सोप्लाझ्मा, म्हणजे लेखातला तो 'मांजराचा जंतू'. त्याची लागण झालेले उंदीर मांजराच्या वासाला कमी बिचकतात, हे प्रयोगांत दिसले आहे. मात्र 2020 च्या एका अभ्यासात ते एकूणच निर्धास्त झालेले आढळले. भीती फक्त मांजराचीच जाते असे नाही. माणसाबाबत तर पुरावा आणखी पातळ. न्यूझीलंडमधल्या 800 हून अधिक लोकांच्या 2016 मधल्या पाहणीत या संसर्गाचा स्वभावाशी किंवा उतावळेपणाशी फारसा संबंध सापडला नाही. गर्भवतींनी मांजराची विष्ठा आणि कच्चे मांस यांपासून जपायलाच हवे, पण तो मुद्दा वेगळा, आणि नेमका तोच लेखात नव्हता.

माणसाविषयीच्या त्या विधानाचा खुलासा पुढच्या अंकात छापावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक