तापमानाचा काटा वर चढतच नाही?

संपादक महाशय,

इंजिन तापले की सगळे धावपळ करतात. ते पुरेसे तापतच नसेल तर ‘गाडी थंड चालते’ म्हणून उलट समाधान मानतात. पण कूलंट (इंजिनात फिरणारे, त्याला थंड ठेवणारे द्रव) बराच वेळ ७० अंशांखाली राहिले, तर ईसीयू (इंजिनाचा संगणक) इंजिन अजून थंडच आहे असे समजून जास्त इंधन सोडत राहतो, मायलेज घटते आणि न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये उतरते.

बहुधा थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) उघडा अडकलेला असतो. रात्रभर उभी गाडी सुरू करून रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) चाचपा, पंख्यापासून हात लांब ठेवून. काटा चढेपर्यंत तो गार राहून मग झपाट्याने तापला, तर ठीक. सुरुवातीपासूनच कोमट होत गेला, तर थर्मोस्टॅट बदला. (काही इंजिनांत तो खालच्या होजकडे असतो, तिथे खालचा होज पाहा.) हायवेवर काटा खाली, सिग्नलला वर, हीदेखील त्याचीच खूण.

पी०१२८ कोड (इंजिन पुरेसे तापत नसल्याची ईसीयूची सूचना) आला म्हणून लगेच पार्ट मागवू नका. आधी थंड इंजिनावर कूलंटची पातळी बघा. कोड वाचणारा स्कॅनर ९० अंश दाखवतोय आणि काटा खालीच, तर दोष मीटरचा किंवा त्याच्या वायरिंगचा. पंखा सतत फिरत असेल तर त्याचा रिले (चालू-बंद करणारा विजेचा स्विच) तपासा.

आणि थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याचा ‘जुगाड’ कृपया करू नका.

– एक मोटार मेकॅनिक