बाबा, या उधळलेल्या गाई बघा

ती. आई-बाबांना सा. न.

आई, गुडघ्याचा पट्टा रोज लावतेस ना? आणि बाबा, सोबत पाठवलेल्या फोटोची कोपऱ्यावरच्या दुकानातून मोठी प्रिंट काढून आणा, मोबाईलवर झूम करून त्यातलं काहीच धड दिसत नाही.

हे रेम्ब्रांट नावाच्या डच चित्रकाराचं एचिंग आहे, १६३४ सालचं, तेव्हा तो २८ वर्षांचा होता. इथे ॲमस्टरडॅममध्ये त्याचं घर आता म्युझियम आहे, तिथे हे कसं करतात तेही दाखवतात. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर, त्यावर सुईने रेघा ओढायच्या, मग पत्रा ॲसिडमध्ये, रेघ ओढली तेवढंच तांबं ॲसिड खातं, त्या खाचांत शाई भरायची आणि ओला कागद ठेवून प्रेसमधून काढायचा.

गोष्ट बायबलमधली. बेथलेहेमजवळ मेंढपाळ रात्री कळप राखत असतात आणि एकदम आभाळात उजेड होतो, देवदूत येऊन सांगतो की घाबरू नका, तारणहार जन्मलाय. पण खाली बघा काय चाललंय! गाई, मेंढरं सगळी बुजलीत, वाट फुटेल तिकडे उधळलीत, राखणाऱ्यांतलेही काही पळत सुटलेत. मला हेच फार खरं वाटलं. देवाचा दूत असला तरी जनावराला काय, मध्यरात्री डोळ्यांवर उजेड आला की ते पळणारच. आपल्याकडे वीज कडाडल्यावर तांबडीने दावं तोडलं होतं ते आठवतंय ना तुम्हाला, अगदी तसंच, आणि ती जनावरं घाबरलीत म्हणूनच तो उजेड केवढा असेल ते आपल्याला कळतं.

आणि आई, तुला रांगोळीमुळे हे लगेच कळेल, या चित्राची अर्धवट असतानाची छापं शिल्लक आहेत, त्यात काळोख आधी भरून घेतलाय आणि देवदूत, मेंढपाळ नुसते बाहेरच्या रेघेत, आत कोरे. म्हणजे एवढा झगझगीत उजेड दिसतो तो सगळा कोरा ठेवलेला कागद आहे, काय हिंमत म्हणायची!

बाबा, तुम्ही आयुष्यभर गुरं सांभाळलीत म्हणून विचारते, बुजलेली गाय अशीच पळते ना? इथे कुणाला विचारून उपयोग नाही. फोनवर नको, नीट बघून चार ओळी लिहून पाठवा, आणि आईच्या एक्सरेचा फोटोपण पाठवा.

तुमची,
लेक