बुंदीच्या पायासाठी, डॉक्टरसाहेबांना

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

हे कन्नडमध्ये लिहायला हवं होतं, पण माझं कन्नड भाजीबाजारापुरतं. तुमचं मराठी त्याहून पुष्कळ बरं. "अक्का, हे मुरगळलेलं नाही, गुडघा सरकतंय" हे तुमचं वाक्य आमच्या खानावळीत अजून सगळ्यांच्या तोंडी आहे.

निपाणीतली खानावळ, त्यात बुंदी लॅब्रॅडॉर, म्हणजे जातीचीच हावरी. उरलेली भाकरी, रश्श्यातलं हाड, कुणी अर्धं टाकलेलं ताट, सगळं तिचंच. सात वर्षांची होईस्तोवर वजन ४१ किलो. मांजरामागं ओट्यावरून उडी मारली आणि मागचा उजवा पाय टेकेचना. दोन दिवस आम्ही हळद लावली. तिसऱ्या दिवशी ह्यांच्या गुडघेदुखीची अर्धी गोळी मी चपातीत गुंडाळून तिला चारली. हे मी तुम्हाला भीत भीत सांगितलं. तुम्ही ओरडला नाहीत. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, किडनी जाऊ शकते, एवढं समजावलंत. जनावरांसाठी डायक्लोफिनॅक हे दुखण्याचं औषध २००६ मध्ये बंद झालं, कारण ते दिलेली गुरं मेल्यावर त्यांचं मांस खाऊन गिधाडं मरायला लागली, हेही तेव्हाच कळलं. मग चार दिवस रोज सकाळी तुमचा फोन, "शी काळी झाली काय?" गिऱ्हाईक जेवत असताना मी त्याचं उत्तर देत होते.

तपासताना तुम्ही फरशीवर मांडी घालून बसलात. एका हातात मांडीचं हाड, दुसऱ्या हातात नडगी. नडगी पुढं ओढली तशी ती टेबलाच्या खणासारखी सरकली. मग माझा हात तिथं ठेवून पुन्हा ओढून दाखवलंत. गुडघ्यातली दोरी, म्हणजे लिगामेंट, पूर्ण तुटलंय हे मला एक्स-रेच्या आधी बोटांना कळलं.

त्याच आठवड्यात माझ्या भाच्यानं फोनवर एकाला गाठलं होतं. स्टेम सेलचं, म्हणजे मूळ पेशींचं, एक इंजेक्शन, गुडघा नव्यासारखा, ऑपरेशन नको, अर्धे पैसे आधी. मी पैसे पाठवणारच होते. कापाकापी नको म्हटल्यावर कुणाला बरं वाटणार नाही? तुम्ही पावतीच्या मागं गुडघा काढलात आणि म्हणालात, पेशी तुटलेली दोरी विणत नाहीत. वजन पेलायला आधी गुडघा स्थिर व्हायला हवा. पुण्याला ऑपरेशन झालं. नडगीचं डोकं गोलाकार कापून थोडं फिरवलं आणि पट्टी-स्क्रूनं बसवलं. त्या सर्जनला तुम्ही आधीच सगळं कळवून ठेवलं होतं, त्यामुळं तिथं मला बोलावंच लागलं नाही.

खरं तर मला लिहायचंय ते वर्षभरानंतरचं. पाय टेकायला लागली होती, पण सकाळी उठताना दोन्ही कमरेचे सांधे धरायचे. थंडीत तर जिना बघूनच बसायची. तेव्हा स्टेम सेलचं तुम्ही स्वतःहून काढलंत. मी म्हटलं, मागच्या वर्षी नको म्हणालात की! तुम्ही म्हणालात, तेव्हा दुखणं वेगळं होतं, आता संधिवात आहे. शर्यतीच्या घोड्यांच्या फाटलेल्या कंडरांवर हे आधी सुरू झालं, मग कुत्र्यांवर आलं. भूल देऊन पोटातली चमचा-दोन चमचे चरबी काढायची, एन्झाइमनं विरघळवायची, यंत्रात गरगर फिरवून पेशी वेगळ्या करायच्या, त्या सांध्यात सोडायच्या. चरबीचं ऐकून ह्यांना हसू आवरेना. "तिच्याकडं माल भरपूर आहे," म्हणाले.

त्या पेशी नवी कूर्चा, म्हणजे सांध्यातली गादी, फारशी बनवत नाहीत, त्यातून सुटणारे पदार्थ सूज शमवतात, हे तुम्ही दोनदा सांगितलंत. परिणाम कायमचा नसतो, काहींना गुण येतो, काहींना नाही. कुठं गाठ असेल तर करायचंच नाही, म्हणून तिचं अंग तुम्ही इंच न् इंच चाचपलंत, रक्त तपासलंत. आणि अट घातलीत, वजन ३२ वर आल्याशिवाय या इंजेक्शनसाठी बंगळूरची चिठ्ठी मिळणार नाही.

ही अट आम्हाला ऑपरेशनपेक्षा जड गेली. तांदळाच्या काट्यावर दर रविवारी बुंदी. पाच महिने लागले. ३२ वर आली तेव्हाच निम्मं लंगडणं गेलेलं होतं. इंजेक्शननंतर दीड-दोन महिन्यांनी एका सकाळी ती न कण्हता उठली आणि जिना चढून वर आली. यात पेशींचा वाटा किती आणि उपाशी ठेवण्याचा किती, असं विचारलं तर तुम्ही हात वर केलेत. "अक्का, तसं कुणाला सांगता यायचं नाही." एवढे पैसे घालवून हे ऐकायला मिळालं म्हणून हे वैतागले. मला मात्र त्या फोनवाल्याची आठवण झाली.

तुम्ही लिहून दिलेली कन्नड पाटी गल्ल्याशेजारी लावली आहे, खाली माझं मराठी: बुंदीला काही घालू नये. तरी बसस्टँडवरचा एक मास्तर टेबलाखालून पापड सरकवतोच. त्याला तुम्हीच एकदा कन्नडमध्ये सांगा.

आणि जेवून गेल्यावर ताटाखाली पैसे ठेवायचे बंद करा. गुरुवारी झुणका, ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी असते. तुमचं ताट काढून ठेवते.

तुमची,
बुंदीची अक्का