गाडी हलत नाही म्हणून लगेच इंजिन उघडू नकोस

कोपरी, ठाणे (पूर्व)
रविवार, दि. १४ सप्टेंबर २०२५

प्रिय अरविंद,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू सांगितलेस की नातवासाठी घेतलेली रुळांवरची, विजेवर चालणारी छोटी आगगाडी तीन दिवसांपासून जागची हललेली नाही, मोटर जळाली असावी असा तुला संशय आहे आणि येत्या रविवारी तू इंजिन उघडून बघणार आहेस. तेव्हा मी फक्त "थांब, घाई करू नकोस" एवढेच म्हणू शकलो. बाकीचे फोनवर सांगण्यासारखे नव्हते, म्हणून हे पत्र लिहायला बसलो आहे. स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्यापूर्वी ते पुरते वाच, एवढीच विनंती.

यंदा गणपतीत आमच्याकडे नेमके हेच घडले. देशातली विजेवरची पहिली आगगाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला हार्बर मार्गाने धावली ती ३ फेब्रुवारी १९२५ रोजी. त्याला यंदा १०० वर्षे झाली, म्हणून आरास त्याच विषयाची करायची असे आम्ही जूनमध्येच ठरवले होते. सहा बाय चार फुटांच्या प्लायवूडवर रुळांचा लंबगोल मांडला आणि मखर मधोमध ठेवले. गाडी तुझ्याकडे आहे त्याच मापाची, म्हणजे १:८७ प्रमाणाची आणि रुळांत १६.५ मिलिमीटर अंतर असलेली. चार दिवस गाडी उत्तम फिरली. हरतालिकेच्या सकाळी मखरामागच्या स्थानकावर उभे केलेले इंजिन काही केल्या हलेना. पुढचा दिवा क्षीण पेटत होता, पण चाकांना गती नव्हती.

मलाही पहिला संशय मोटरचाच आला. इंजिनाचे आवरण काढले, मोटरवरची ब्रशची, म्हणजे तिच्या फिरत्या भागाला वीज देणाऱ्या कार्बनच्या तुकड्याची, टोपी सैल केली आणि आतली केसाएवढ्या तारेची स्प्रिंग उडून कुठेतरी पडली. दुसऱ्या दिवशी घरात गणपती येणार होते आणि आम्ही सगळे टॉर्च घेऊन जमिनीवर ओणवे झालो होतो. ती स्प्रिंग दोन तासांनी पाटाखाली सापडली. वाईट याचे वाटले की मोटर पूर्णपणे निर्दोष होती. जिथे काहीच बिघडलेले नव्हते तिथे हात घालून मी एक धडधाकट वस्तू गमावून बसणार होतो. तुला थांबवण्याची एवढी तळमळ त्यामुळेच आहे.

त्या दुपारी मला मामांची आठवण झाली. मामा कुर्ला कारशेडमध्ये फिटर होते, हे तुला ठाऊक आहेच. लोकलच्या विद्युत मंडलाबद्दल बोलताना ते नेहमी बोटाने हवेत वाट काढून दाखवत, की वीज वरच्या तारेतून पेंटोग्राफमध्ये, म्हणजे गाडीच्या टपावरच्या सांगाड्यात येते, मोटरमधून चाकांत उतरते आणि रुळांवाटे सबस्टेशनला परत जाते. आपल्या छोट्या गाडीत वरची तार नाही आणि तिचा पेंटोग्राफ बहुधा शोभेचा असतो. इथे जाण्याची वाट एक रूळ आणि येण्याची वाट दुसरा रूळ. म्हणून एका बाजूच्या चाकांचा दुसऱ्या बाजूच्या चाकांशी विद्युत संबंध येऊ देत नाहीत. एरवी दोन्हींत साम्य बरेच आहे. मामांच्या काळातली लोकल १५०० व्होल्ट डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर चालायची आणि तुझे इंजिन १२ व्होल्ट डीसीवर चालते. दोन्हींच्या मोटरींत कार्बनचे ब्रश. भिंतीतल्या प्लगपासून त्या ब्रशपर्यंतच्या वाटेवर कुठेही खंड पडला तरी बाहेरून एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे गाडी हलत नाही.

ही वाट तपासायला मी आधी व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर घेतला, आणि मल्टिमीटरनेच मला फसवले. गाडीचा वेग कमीजास्त करणारा कंट्रोलर पूर्ण वेगावर ठेवल्यावर त्याच्या टोकांवर १२.१ व्होल्ट दिसले. मखरामागच्या रुळांवर, इंजिन उचलून बाजूला ठेवल्यानंतर, १२.० व्होल्ट दिसले. हे आकडे पाहून कोणीही म्हणेल की वीज शेवटपर्यंत पोहोचते आहे, तेव्हा दोष इंजिनातच आहे. मी तसेच म्हटले होते. पण मीटर जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही, त्यामुळे खराब जोडापलीकडेही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. समज, एखाद्या जोडात गंजामुळे २० ओहमचा अडथळा तयार झाला आहे. मीटरला तो जाणवणारच नाही, पण इंजिनाने ०.४ अँपिअर मागितले की ८ व्होल्ट त्या जोडातच खर्च होतात आणि मोटरच्या वाट्याला जेमतेम ४ उरतात. एवढ्या व्होल्टेजवर दिवा मिणमिणतो, पण चाके फिरत नाहीत.

मामा मीटर क्वचितच वापरत. त्यांच्या पिशवीत होल्डरमध्ये बसवलेला बल्ब आणि दोन तारा असा टेस्ट लॅम्प कायम असे. मी जुन्या स्कूटरचा १२ व्होल्टचा, ५ वॉटचा बल्ब शोधला आणि त्याला दोन तारा जोडल्या. तो साधारण ०.४ अँपिअर ओढतो, म्हणजे आपल्या इंजिनाइतकाच. कंट्रोलरच्या टोकांवर तो लख्ख पेटला. तारा जिथे रुळांना जोडल्या आहेत तिथेही लख्ख पेटला. मग मी एकेक रूळ पुढे सरकत गेलो. चौथ्या तुकड्यावर प्रकाश तसाच होता आणि पाचव्यावर तार टेकवताच बल्बमध्ये विझत्या निखाऱ्यासारखी नुसती लालसर तार दिसू लागली. दोष चौथ्या आणि पाचव्या तुकड्याच्या जोडात होता. दोन रूळ जोडणारी ती चिमुकली धातूची जोडपट्टी ओढून काढली, तर तिच्या आत आणि रुळाच्या तळाशी हिरवट थर बसलेला होता. हे रूळ निकेल सिल्व्हरचे असतात. नावात चांदी असली तरी त्यात चांदी नसते. ते तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण असते, आणि हिरवेपणा येतो तो तांब्यामुळे. आमचे घर खाडीपासून लांब नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांत इथली दमट हवा लोखंडी कपाटाच्या बिजागऱ्यांनाही सोडत नाही, तर या कागदासारख्या पट्टीचे काय! शिवाय मी सबंध लंबगोलाला एकाच ठिकाणी तारा दिल्या होत्या, त्यामुळे मागच्या रुळांपर्यंतची सगळी वीज अशा जोडांच्या भरवशावर चालली होती. ही माझी मूळ चूक.

पट्टी साफ करून, पक्कडीने हलकेच आवळून पुन्हा बसवली आणि इंजिन पहिल्याच प्रयत्नात निघाले. आरती झाल्यावर त्याने गणपतीला पाच प्रदक्षिणा घातल्या तेव्हा घरातल्या लहानांइतकाच मीही आनंदलो होतो. विसर्जनानंतर मात्र कायमची सोय केली. रुळांच्या बाहेरच्या बाजूला आणखी तीन ठिकाणी तारा सोल्डर करून त्या प्लायवूडखालून कंट्रोलरकडे नेल्या. तू हे करशील तेव्हा एक काळजी घे. रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे स्लीपर, प्लास्टिकचे असतात आणि लगेच वितळतात, म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंना रुळावर ओल्या कापसाचे बोळे ठेव आणि सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नकोस. तारा जोडताना दोन रुळांची अदलाबदल होऊ देऊ नकोस, नाहीतर थेट शॉर्ट होईल. मी आतल्या रुळासाठी काळी आणि बाहेरच्यासाठी लाल तार ठरवून टाकली आहे.

तेव्हा तूही बल्बपासून सुरुवात कर. बल्ब सगळीकडे सारखा लख्ख पेटला तर रूळ निर्दोष आहेत असे धर. कुठे मंदावला तर तिथला जोड सोडव. पॉइंटपलीकडच्या, म्हणजे मार्ग बदलणाऱ्या सांध्यापलीकडच्या, फाट्यावर बल्ब मुळीच पेटला नाही तर घाबरू नकोस. अनेक पॉइंट ज्या मार्गाला वळवलेले असतात त्याच मार्गाला वीज देतात, तेव्हा आधी सांधा बदलून पाहा. कंट्रोलरवरचा लाल दिवा लागत असेल तर मात्र कुठेतरी शॉर्ट आहे. इंजिन उचलून घे. दिवा विझला तर शॉर्ट इंजिनात आहे, न विझल्यास रुळांवर. घरात आरास झाली असेल तर चमकीची एखादी झिरमिळी किंवा टाचणी दोन रुळांवर आडवी पडली आहे का, ते हात फिरवून बघ.

रूळ पुसण्याबद्दलही लिहितो, कारण त्यात फार चुका होतात. रुळाच्या माथ्यावर काळा थर साचतो. तो काढायला पॉलिश पेपर वापरू नकोस. त्याने बारीक चरे पडतात आणि पुढची घाण त्या चऱ्यांत अधिक घट्ट बसते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेले जुन्या सुती धोतराचे फडके सर्वांत चांगले, आणि हट्टी डागाला पेन्सिलचे खोडरबर पुरते. मी ते अल्कोहोल लॅमिंग्टन रोडवरून आणले. चाकेही तशीच पुसायची. फडके रुळांवर आडवे पसर, इंजिनाची एका टोकाची चाके त्यावर ठेव, दुसऱ्या टोकाची रुळांवर राहू दे आणि वीज सुरू कर. चाके फडक्यावर घासून स्वच्छ होतात. मग इंजिन उलटे फिरवून दुसरे टोक पूस. काही चाकांना पकड यावी म्हणून रबरी कडी असतात. ती वीज घेत नाहीत, त्यांना अल्कोहोल लावू नकोस.

हे सगळे होऊनही गाडी हलली नाही तरच इंजिनाकडे वळ, आणि तेव्हाही आधी आवरण काढू नकोस. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी घे. इंजिन मऊ कापडावर उलटे ठेवून एका बाजूच्या चाकाला एक तार आणि दुसऱ्या बाजूच्या चाकाला दुसरी तार लाव. चाके फिरली तर इंजिन ठीक आहे आणि आपण रुळांकडेच परत जायचे. एका जोडीवर फिरली आणि दुसऱ्या जोडीवर नाही, तर चाकाच्या मागे टेकणारी वीज घेण्याची पातळ पट्टी वाकली आहे किंवा मळली आहे. टूथपिकने हलकेच दाबून ती चाकाला टेकवायची. मोटर गुरगुरते आणि चाके फिरत नाहीत, असे झाले तर दोष विजेत नसून गिअरमध्ये आहे. कारखान्यातले ग्रीस वर्षानुवर्षे न वापरता पडून राहिले की मेणासारखे घट्ट होते. ते अल्कोहोलने काढून शिलाई मशीनच्या तेलाचा सुईच्या टोकावर मावेल एवढाच थेंब टाक. खोबरेल अजिबात नको. ते कालांतराने चिकट होते. ब्रशकडे सर्वांत शेवटी जा, आणि जाशील तेव्हा पांढऱ्या ताटात, प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीत हात घालून काम कर. स्प्रिंग उडाली तरी पिशवीतच राहते.

एक शक्यता मी मुद्दाम मागे ठेवली, कारण तू इंजिन कोणाकडून तरी वापरलेले घेतलेस असे वहिनी म्हणाल्या. तुला इगतपुरी आठवत असेल. आपण नाशिकला जायचो तेव्हा तिथे गाडी बराच वेळ थांबायची आणि आपण वडापाव खायला उतरायचो. मुंबईकडून डीसीवर आलेले इंजिन तिथे सोडवून पुढच्या एसी, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या विजेच्या, मार्गासाठी दुसरे जोडत. इंजिनात दोष नसे, तारेतली वीज त्याच्या जातीची नसे. छोट्या गाड्यांतही आता दोन जाती आहेत. साधे इंजिन १२ व्होल्ट डीसीवर चालते, आणि डिजिटल इंजिनात एक डिकोडर असतो जो रुळांतून येणारे आदेश ऐकतो. डिकोडरमधली डीसीवर चालण्याची मुभा आधीच्या मालकाने बंद केलेली असेल, तर तुझ्या कंट्रोलरवर ते निपचित पडून राहणार आणि बॅटरी लावूनही गप्पच बसणार. इंजिनाच्या पोटाखाली किंवा खोक्यावर डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) ही अक्षरे आहेत का, ते पाहून मला कळव. तसे असेल तर माझ्याकडचा डिजिटल कंट्रोलर घेऊन येतो. नव्या डिकोडरचा पत्ता, म्हणजे आदेश त्याच इंजिनाला पोहोचवणारा क्रमांक, सहसा ३ असतो, तिथून सुरुवात करू. मात्र तुझ्याकडचे दुसरे, साधे इंजिन त्या डिजिटल रुळांवर उभे करू नकोस, कारण त्या विजेत उभ्या उभ्या मोटर तापून खरोखरच जळू शकते.

बल्ब कोणत्या तुकड्यावर किती पेटला, हे कागदावर लंबगोल काढून त्यावर खुणा करून ठेव आणि त्याचा फोटो मला पाठव. जोडपट्ट्या तिकडे मिळत नसतील तर माझ्याकडे दहा-बारा शिल्लक आहेत. पुढच्या शनिवारी मी नाशिकला येऊ शकतो. सोल्डरिंग आयर्न आणि तारा सोबत आणीन. तोपर्यंत इंजिन खोक्यात ठेव आणि नातवाला सांग की ठाण्याचे आजोबा येईपर्यंत ते कारशेडमध्ये आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक